पट्टीकाकांचा अंगठा

पट्टीकाकांच्या डाव्या मनगटावर घड्याळ नसायचं, चिकटपट्टीचं रिळ असायचं. सलाइनची सुई हातावर पक्की बसावी म्हणून दवाखान्यात जी पांढरी पट्टी लावतात, ती. सकाळी कामावर आले की बांगडी भरावी तसं ते रिळ मनगटात चढवायचे आणि घरी जाताना उतरवून कपाटात ठेवायचे. कोणी वेळ विचारली तर सवयीनं मनगट वर करून त्या रिळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "झाले असतीन साडेदहा." आणि खरंच साडेदहा झालेले असायचे. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते वाचायची गरज कोणाला पडली नाही. मोठ्या साहेबांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांचे ते पट्टीकाका.

मी मूळची नाशिकची. एम.डी.साठी रायपूरला नंबर लागला तेव्हा आईला एकच काळजी, तिकडे मराठी बोलायला तरी कोणी मिळेल का. पहिल्याच आठवड्यात वॉर्डात माझ्या सँडलचा बंद तुटला आणि मागून आवाज आला, "काहून लंगडून राहिली, पोट्टी?" मी गर्रकन वळले. डॉक्टरला पोट्टी? समोर साठीकडे झुकलेले, काडीसारखे बारीक गृहस्थ, हातात रक्ताच्या नळ्यांचा ट्रे. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, खाली बसले आणि सँडलला पट्टीचे तीन वेढे मारले. "चाल आता. शंकर नगरापर्यंत टिकते." माझी खोली शंकर नगरात आहे हे त्यांना कसं ठाऊक, देव जाणे. ते सँडल मी पुढे दीड महिना वापरले. पोट्टी म्हटल्याचा राग त्याच्या कितीतरी आधी गेला.

काका प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, रक्त काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. राहायला तात्यापाऱ्यात. त्यांचे पूर्वज म्हणे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा, विनय, बाहेरगावी नोकरीला. त्याच्याशी काका फोनवर मराठीत बोलायचे आणि तो पलीकडून हिंदीत उत्तरं द्यायचा. "मराठी त्याच्या कानात आहे, तोंडात काही आली नाही," असं काका तक्रार केल्यासारखं सांगायचे, आणि लगेच त्याच फोनवर, "हव बेटा, खाना खा लिया," म्हणून स्वतःच हिंदीत शिरायचे. मी हसले की डोळे वटारायचे.

पट्टीनं काय काय दुरुस्त होतं याची यादी करायची तर दिवस मावळेल. वॉर्डातल्या खिडकीची तडकलेली काच, पंख्याचं बटण, त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी, माझ्या स्टेथोस्कोपची नळी, एकदा तर सदर बाजारातून आणलेली माझ्या बहिणीसाठीची काचेची बरणी. मोडकी वस्तू टाकून द्यायची ही कल्पनाच त्यांना झेपत नसे. "थांब ना बापा, टाकते काहून? एक पट्टी मारू दे," हे त्यांचं पालुपद. आणि मारलेली पट्टी सुटत नसे.

सुई टोचतानाची त्यांची एक पद्धत होती, ती मी इतर कुठे पाहिली नाही. आम्ही सगळे डॉक्टर रुग्णाला बिनदिक्कत सांगतो, मुंगी चावल्यासारखं वाटेल, कळणारसुद्धा नाही. काका कधीच असं म्हणायचे नाहीत. लहान मूल असो की म्हातारी, आधी स्पष्ट सांगायचे, "दुखीन. पण एकदाच." आणि खरंच एकदाच. दुसऱ्यांदा सुई खुपसायची वेळ त्यांच्यावर आलेली मला आठवत नाही. मी एकदा म्हटलं, "काका, कशाला घाबरवता माणसाला आधीच?" तर म्हणाले, "खोटं सांगून टोचलं तं तो पुढच्या वेळी हात देईन का?"

माझ्या प्रबंधाचा विषय निघाला तो जस्ताचा. विषाणूच्या संसर्गानं छाती भरून जे रुग्ण आमच्याकडे भरती होतात, त्यांच्या रक्तात जस्त, म्हणजे झिंक, किती असतं, आणि ज्यांच्यात ते कमी असतं ते बरे व्हायला जास्त दिवस घेतात का, हे बघायचं. मोठी साथ ओसरली होती, पण दर थंडीत खोकल्या-तापाचे रुग्ण वॉर्ड भरून टाकत होतेच. भरती झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहासुद्धा न घेता रक्त द्यायचं. मग रुग्णाला लावलेला प्राणवायू कधी काढता येतो, तो घरी कधी जातो, हे लिहून ठेवायचं. एका म्हातारीनं विचारलं, "जस्ता? बाल्टी वाला?" तर काका तिच्या छत्तीसगढीत म्हणाले, "हव दाई, बाल्टी वाला. तोर देह मा घलो हे, थोरकुन." हो आई, बादलीवालंच; तुझ्या अंगातही आहे, थोडंसं. म्हातारी इतकी खूश झाली की तिनं आपणहून हात पुढे केला.

जस्ताचा नमुना भारी नाजूक. ते साध्या नळीच्या रबरी बुचातही असतं आणि तिथून रक्तात उतरतं. म्हणून गडद निळ्या झाकणाच्या वेगळ्या नळ्या लागतात. हे सगळं मी पुस्तकात वाचून काकांना पहिल्या दिवशी पाऊण तास ऐकवलं. चाळीस वर्षं रक्त काढलेल्या माणसाला! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं डॉक्टरीणबाई." पण रक्तातलं सीरम, म्हणजे ते वरचं पिवळसर पाणी, साठवायच्या छोट्या कुप्या मीच घाईघाईत आणल्या होत्या, आणि त्यांची झाकणं ढिली होती. काका त्या कुप्या बर्फाच्या डब्यात घालून, डबा स्कूटरवर दोन पायांत धरून, तपासणीच्या यंत्राकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे. पहिल्याच खेपेला दोन कुप्या सांडल्या. काकांचा जीव कासावीस झाला. दुसऱ्या खेपेपासून त्यांनी प्रत्येक कुपीच्या तोंडावर आधी पट्टीचा तुकडा बसवला आणि त्यावर झाकण दाबलं. एक थेंब सांडला नाही. मी ते पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं, आणि वर, "काका, तुम्ही ग्रेट आहात," असंही म्हणाले.

निष्कर्ष यायला लागले तसतशी मी हरखून गेले. धाप लागलेले, हाडांचा सापळा झालेले मजूर, आणि जस्त बघावं तर धट्ट्याकट्ट्या माणसालाही हेवा वाटावा इतकं! मी तर्क लढवला. विहिरीचं पाणी, जस्ताच्या बादल्या, इथली माती. एक आख्खं प्रकरण लिहून काढलं. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, भुवया उंचावल्या. पण मी इतक्या हिरिरीनं बोलले की तेही म्हणाले, बघू. आता आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापतात.

प्रबंध द्यायला थोडे दिवस उरले होते. काकांनी शेवटचा अहवाल आणून टेबलावर ठेवला. यादीत दोन नावं मला अनोळखी होती, गंगाबाई आणि जमुनाबाई. मी विचारलं, "काका, या कोणत्या वॉर्डातल्या? आणि या गंगाबाईचं जस्त एवढं? हिनं काय बादली खाल्ली का?"

काका बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "दुखीन तुले. पण एकदाच."

मी हसले. मला वाटलं, थट्टा.

"गंगाबाई म्हणजे पाणी होय. जमुनाबाई बी पाणीच. आपल्या लॅबमधलं, शुद्ध केलेलं. एका कुपीले पट्टी मारली, एकीले नाही मारली. पट्टीवाली गंगाबाई. जमुनाबाईत जस्त नावाले बी नाही."

मग त्यांनी खिशातून पट्टीच्या खोक्याचं झाकण काढलं. त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, पट्टीच्या चिकट लेपात काय काय असतं. त्यात झिंक ऑक्साइड होतं. जस्तच. नवीन खोकं फोडताना चष्मा डोळ्यावर होता म्हणून त्यांनी ते वाचलं. इतकी वर्षं मनगटात घालून हिंडले, कधी वाचलं नव्हतं. कुपी स्कूटरवर हिंदकळली की सीरम त्या पट्टीला लागत होतं, आणि मी मोजत होते ते रुग्णाचं जस्त नव्हतं, पट्टीचं होतं. एकूण एक नमुन्यात. ते रुग्ण घरी गेले होते, काही देवाघरी गेले होते, त्यांचं रक्त आता पुन्हा मिळणार नव्हतं.

मला आधी सुचलं ते फार चांगलं नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "काका, हे कोणाला कळायचं कारण नाही."

"माहीत आहे. कोणालेच नाही कळणार," काका म्हणाले. "पण उद्या एखादा डॉक्टर तुझं लिहिलेलं वाचून म्हणन, या लोकायले जस्त द्यायची गरज नाही, यायच्यात तं भरपूर आहे. मंग? त्या दाईच्या अंगात किती होतं, तुले माहीत आहे का? मले माहीत आहे का?"

उत्तर नसलं की मला संताप येतो. मी ओरडले. "तुमचं काय जातंय? तुम्ही दोन महिन्यांनी रिटायर होणार. तुमच्या या पट्टीनं माझं वर्ष खाल्लं!" बाहेर नर्सनी ऐकलं असणार. कुप्या मी आणल्या होत्या, पट्टी मी पाहिली होती, वाहवा मी केली होती. यातलं एकही काकांनी तोंडावर आणलं नाही. मनगटातलं रिळ काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. रिळाखालची कातडी उन्हाला फारशी दिसलीच नव्हती, तिथे एक गोरं कडं उमटलं होतं. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. रडले मात्र भरपूर, आणि तेही स्वतःसाठी, काकांसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. सर तो गंगाबाईचा आकडा बघून म्हणाले, पुढची थंडी घे, पुन्हा कर. मुदत वाढवून मिळाली. दरम्यान काका निवृत्त झाले. शाल, नारळ, दोन भाषणं, समोसे. मी गर्दीत मागे उभी राहिले. जवळ जाऊन माफी मागायची हिंमत झाली नाही. म्हटलं, नंतर कधीतरी निवांत बोलू.

थंडी आली, पहिला रुग्ण भरती झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी वॉर्डात गेले तर काका तोंडाला मास्क लावून, ट्रे घेऊन हजर. मनगट मोकळं. मी गोंधळून म्हटलं, "काका, तुमची ड्युटी तर संपली."

"ड्युटी संपली. नमुने कुठं संपले?" ते म्हणाले. "सरले अर्ज दिला, सरनं सही केली. चाल, कुप्या दाखव. झाकण घट्ट आहे ना या वेळी?"

वर्षभरात तेवढाच एक टोमणा त्यांनी मारला, आणि मला तो सोन्यासारखा वाटला.

आता पट्टी नमुन्याच्या आसपासही नको, असा त्यांचा दंडक. रक्त काढलं की कापसाचा बोळा ठेवून वर पट्टी चिकटवतात, तीसुद्धा बंद. मग रक्त थांबायचं कसं? काका स्वतः बोळ्यावर अंगठा दाबून बसायचे. पाच मिनिटं. प्रत्येकाजवळ पाच मिनिटं. खरं तर एवढी गरज नव्हती, नमुना तोवर ट्रेमध्ये गेलेला असायचा. मी तसं सांगितलंही. "असू दे," म्हणायचे. माझी तगमग व्हायची, पुढचे रुग्ण उपाशी खोळंबलेले. आणि काका आपले अंगठा दाबून गप्पा मारताहेत. पण त्या पाच मिनिटांत जे बाहेर यायचं ते माझ्या छापील तक्त्यात कधीच आलं नसतं. पंडरीच्या कापड बाजारात गठ्ठे उचलणारा एक माणूस, त्यानं काकांना सांगितलं की ताप यायच्या आधी पंधरा दिवस तो एक वेळच जेवत होता. एक दाई दोन महिने नुसती पेज पिऊन होती, दात नाहीत म्हणून. काका मला येऊन म्हणायचे, "लिहून घे. जस्त काय हवेतून येते का? पोटातून येते." मी तक्त्यात एक रकाना वाढवला, आधी काय खात होता. पुढे परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच रकान्यावर विचारले.

तो रकाना काकांचा, आणि प्रबंध म्हणाल तर निम्मा काकांचा. ज्यांचं जस्त कमी होतं त्यातल्या बऱ्याच जणांना सावरायला उशीर लागला, असं दिसलं खरं. पण जस्त कमी म्हणून माणूस रेंगाळला, की आजारच मोठा म्हणून रक्तातलं जस्त उतरलं, की मुळात पोटच रिकामं होतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकले नाही. तसंच लिहिलं, माहीत नाही म्हणून. हे लिहायला मी कोणाकडून शिकले ते वेगळं सांगायला नको.

त्या थंडीच्या अखेरीस काकांना खोकला झाला. मास्क होता, काळजी होती, पण रोज त्याच वॉर्डात, प्रत्येक खाटेशी पाच पाच मिनिटं. कळताच गावाहून आलेला विनय त्यांना रिक्षातून घेऊन आला तेव्हा ओठ निळसर पडले होते. आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळची खाट. खिडकीच्या काचेवर त्यांचीच जुनी पट्टी. पाचव्या दिवशी काका गेले. हे मी इथेच सांगून टाकते, कारण मला शेवट तिथे करायचा नाही. त्यांच्या नमुन्याचा अहवाल नंतर आला. जस्त कमी होतं, बरंच कमी. आपल्या डब्यातली टोमॅटो-वांगी काढून आम्हाला वाढणारा हा माणूस घरी एकटा काय शिजवून खात होता, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मला शेवट करायचा आहे तो भरती झाल्याच्या दुसऱ्या सकाळपाशी. वॉर्डाच्या दारात विनय भेटला. म्हणाला, "दीदी, पापा चाय नहीं पी रहे. बोल रहे हैं, पहले सैंपल होगा." मी ट्रे घेऊन आत गेले. काकांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क, श्वास भात्यासारखा. मला बघून उजवा हात पुढे केला.

"निळ्या झाकणाची आणली?"

"आणली."

"फॉर्मवर सही घे. सगळ्यायची घेते तशी."

घेतली. वाकडीतिकडी सही, पण खऱ्या नावाची. मी पहिल्यांदाच ते नाव नीट वाचलं. मग दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. इतक्या जणांना टोचलं होतं मी, तरी ती पुन्हा एकदा चाचपून पाहिली. मुंगी चावल्यासारखं वाटेल असं म्हणायला माझी जीभ वळली नाही.

"दुखेल, काका," मी म्हणाले.

"हव," मास्कखालून आवाज आला. "पण एकदाच."

एकदाच लागलं. नळी भरली, सुई काढली, बोळा ठेवला. शेजारच्या नर्सनं सवयीनं पट्टीचा तुकडा पुढे केला. मी मान हलवली आणि अंगठा दाबून खाटेच्या कडेला बसले. आणि मग वर्षभर बोलायचं राहून गेलेलं बाहेर आलं. "काका, त्या दिवशी मी बोलले ते फार वाईट बोलले. चूक माझीच होती. कुप्या मी आणल्या होत्या. पट्टी मी पाहिली होती. तुम्ही माझं वर्ष नाही खाल्लं, काका, तुम्ही मला वाचवलं." पुढे मला बोलता येईना, नाक गळायला लागलं आणि हात तर रिकामा नव्हता.

"बोलू नको, पोट्टी," काका म्हणाले. "बोललं की अंगठा ढिला पडते. दाब."

मी दाबून धरला. बाहेर उजाडत होतं, खाटांवरचे लोक चहाची वाट बघत होते आणि काका डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळानं त्यांनी डावा हात हळूच वर उचलला, मनगटावरच्या त्या आता पुसट झालेल्या गोऱ्या कड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाले असतीन पाच मिनटं."

झालेच असणार. मी घड्याळ पाहिलं नाही, आणि अंगठाही काढला नाही.